जन्माआधी सुरू होणारा हृदयविकार

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापले. एक लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन, तर दुसरे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. (साखरेच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन वेगळे.) दोघांची अंगकाठी सारखीच सडपातळ. वजन आणि उंची यांच्या प्रमाणावरून काढला जाणारा बॉडी मास इंडेक्सही दोघांचा अगदी सारखा, २२.३. प्रत्यक्ष मोजणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आढळली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आडनावांच्या आद्याक्षरांवरून या प्रकाराला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे गमतीदार नाव मिळाले. त्यामागचा प्रश्न मात्र गंभीर होता. भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही मधुमेह आणि हृदयविकार त्याला लवकर का गाठतात?

हा ‘लवकर’ किती, याचे उत्तर ‘इंटरहार्ट’ या अनेक देशांत झालेल्या पाहणीतून मिळाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका साधारणपणे ५३व्या वर्षी येतो, तर इतर देशांत तो सुमारे ५९व्या वर्षी येतो. घरातील कर्त्या माणसाच्या बाबतीत सहा वर्षांच्या या फरकाचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

ऑक्सफर्ड येथे संशोधनाचा अनुभव घेऊन डॉ. याज्ञिक पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात रुजू झाले. मधुमेहाचे रुग्ण म्हणजे वयस्क आणि स्थूल माणसे, असे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके सांगत. येथे येणारे बरेच रुग्ण तरुण होते आणि त्या पुस्तकांच्या मापाने लठ्ठही नव्हते. या कोड्याची एक किल्ली इंग्लंडमधून आली. साऊदम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांना हर्टफर्डशायर परगण्यातील सुईणी आणि आरोग्यसेविकांनी १९११ पासून राखलेल्या वह्या सापडल्या होत्या. त्यांत प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन नोंदलेले होते. बार्कर यांनी त्या नोंदी पुढील आयुष्यातील मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचा हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. बाल्यात ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक निघाले. गर्भाशयातील उपासमार पुढे हृदयावर उमटते, हा सिद्धान्त त्यावेळी अनेकांना पटला नाही. तोवर सारे लक्ष धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांवर केंद्रित होते.

कमी वजनाच्या बाळांचा देश म्हटला, की भारताचे नाव आधी येते. के.ई.एम.मध्येच जन्मलेल्या चार वर्षांच्या मुलांची तपासणी करून १९९५ मध्ये डॉ. याज्ञिक यांच्या चमूने दाखवून दिले, की जन्मतः हलक्या असलेल्या मुलांच्या रक्तात ग्लुकोज दिल्यानंतर साखर आणि इन्शुलिन दोन्ही अधिक वाढतात. हीच मुले आठ वर्षांची झाल्यावर चित्र आणखी स्पष्ट झाले. जन्मतः हलके, पण आठव्या वर्षी वजनदार झालेल्या मुलांत धोक्याची लक्षणे सर्वाधिक होती. बाळसे धरलेले मूल पाहून सुखावणाऱ्या घरांना हा निष्कर्ष रुचण्यासारखा नव्हता.

मात्र मुलाच्या जन्मापासून सुरुवात करणे पुरेसे नव्हते. त्यासाठी माताच गर्भार राहण्यापूर्वी गाठायला हवी होती. डॉ. बानू कोयाजी यांनी वढू परिसरात उभारलेले ग्रामीण आरोग्याचे काम येथे उपयोगी पडले. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांतील विवाहित स्त्रियांच्या नोंदी सुरू झाल्या आणि त्यातून ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ उभा राहिला. साऊदम्प्टनच्या डॉ. कॅरोलाईन फॉल त्यात सहभागी होत्या. या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर साऊदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळांचे वजन कमी असणे अपेक्षितच होते. अनपेक्षित होती ती त्यांची घडण. बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. नाळेतील रक्तात इन्शुलिन आणि लेप्टिनही लंडनच्या बाळांच्या तुलनेत वजनाच्या मानाने जास्त आढळले. छायाचित्रातील डॉक्टरांचे शरीर जणू पाळण्यातच घडलेले होते.

आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी मातांच्या आहाराचा हिशेब मांडला. एकूण उष्मांक वा प्रथिने यांपेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध दिसला. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या मातांची बाळे अधिक लहान होती, हेही पुढे आले. ‘दोन जीवांची आहे, दोन घास जास्त खा’ हा घरोघरीचा सल्ला त्यामुळे अपुरा ठरतो.

अभ्यासाला खरी कलाटणी मिळाली ती बी-१२ या जीवनसत्त्वामुळे. फॉलिक आम्लाची कमतरता केवळ एका मातेत आढळली; पण दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. सरकारी गोळ्यांतून गर्भवतींना लोहासोबत फॉलिक आम्ल मिळते, बी-१२ मिळत नाही, या पार्श्वभूमीवर हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो. ही उणीव केवळ खेड्यांतील नाही. २००६ मधील एका पाहणीत पुण्यातील मध्यमवर्गीय पुरुषांपैकी ८१ टक्क्यांत बी-१२ कमी निघाले. शाकाहार हे त्यामागचे एक मोठे कारण होते. बी-१२ घटले की रक्तातील होमोसिस्टीन वाढते आणि ते हृदयविकाराशी निगडित मानले जाते. अर्थात, प्रौढांना जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन घटवले तरी हृदयविकाराचे झटके लक्षणीयरीत्या कमी होत नाहीत, असे त्याच वर्षी पाश्चात्त्य देशांतील मोठ्या चाचण्यांत दिसून आले. म्हणजे उपाय करायचा, तर तो कदाचित फार आधी करायला हवा.

हा ‘आधी’ नेमका केव्हा? मुंबईतील झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि डॉ. फॉल यांनी २००६ पासून गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध असलेला खाऊ देऊन पाहिला. बाळांच्या सरासरी वजनात लक्षणीय वाढ झाली नाही. मात्र गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले.

वढू परिसरातील ती बाळे अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांतील जवळपास निम्मी निकषांनुसार कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर वाढलेली आढळली. याच तरुण-तरुणींना २०१२ पासून ‘प्रिया’ या चाचणीत सामावून घेण्यात आले. काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली. मुलींचे लग्न होऊन त्या बाळंत होईपर्यंत हा क्रम चालू ठेवण्याची योजना होती. त्यांच्या पोटी आलेली मुले अद्याप लहान आहेत. त्यांच्या हृदयाविषयीचे उत्तर मिळायला आणखी काही दशके जावी लागतील.