एम.एम.एस. की एम.बी.ए.? : मुंबई उपनगरातील व्यवस्थापन पदवीच्या नामभेदाचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : सांताक्रूझ परिसर)

प्रस्तावना

सांताक्रूझ हे मुंबईच्या पश्चिम उपनगरातील उच्च शिक्षणाचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. रेल्वेमार्गाच्या पूर्वेस कालिना येथे मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल आहे, तर पश्चिमेस जुहू मार्गावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे संकुल आहे. या परिसरातील महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे गेली काही दशके एक प्रश्न सातत्याने उभा राहिला आहे. व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे झाल्यास 'मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज' म्हणजे एम.एम.एस. ही पदवी घ्यावी, की 'मास्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन' म्हणजे एम.बी.ए.? विद्यार्थी व पालक या प्रश्नाकडे दोन भिन्न शिक्षणक्रमांतील निवड म्हणून पाहतात. हा समज इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी या नामभेदाचा उगम, मुंबई उपनगरातील संस्थांची वाटचाल आणि या भेदाचे कायदेशीर व व्यावहारिक परिणाम यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

पदवीच्या दोन परंपरा

एम.बी.ए. ही संज्ञा अमेरिकेतून आली. १९०० साली डार्टमथ महाविद्यालयात स्थापन झालेली टक स्कूल ही व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणातील आद्य संस्था मानली जाते. तिच्या प्रारंभीच्या पदवीचे नाव मात्र 'मास्टर ऑफ कमर्शियल सायन्स' असे होते. १९०८ साली हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या व्यवसाय विद्यालयात एम.बी.ए. सुरू केले. पुढे हेच नाव जगभर रूढ झाले व टक स्कूलनेही ते स्वीकारले. पदवीच्या नावाची ही अदलाबदल, म्हणजे, या विषयाच्या जन्मापासूनचीच आहे.

युरोपात वेगळी परंपरा दिसते. पॅरिस येथील एच.ई.सी. ही संस्था १८८१ साली स्थापन झाली. अशा संस्थांत नोकरीचा अनुभव नसलेल्या तरुणांना व्यवस्थापनाचे प्रदीर्घ शिक्षण दिले जाई. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपातील पदव्यांची रचना एकसारखी होऊ लागली आणि 'मास्टर इन मॅनेजमेंट' ही संज्ञा स्थिर झाली. 'फायनान्शियल टाइम्स' या वृत्तपत्राने २००५ पासून या अभ्यासक्रमांची स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तेथील भेद स्पष्ट आहे. मास्टर इन मॅनेजमेंट हे पदवीनंतर लगेच घ्यावयाचे शिक्षण आहे, तर एम.बी.ए. हे सामान्यतः काही वर्षे नोकरी केल्यानंतरचे शिक्षण आहे.

भारतात हा भेद त्या स्वरूपात कधीच रुजला नाही. येथे एम.बी.ए.ला प्रवेश घेणारा विद्यार्थी बहुधा नुकताच पदवीधर झालेला असतो. म्हणजे नाव अमेरिकेचे, पण विद्यार्थी युरोपीय पद्धतीचा, अशी आपल्याकडील स्थिती आहे. एम.एम.एस.चा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

मुंबई विद्यापीठ आणि एम.एम.एस.

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने १९६५ साली चर्चगेट येथे जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू केली. तिच्या उभारणीत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय विद्यालयाचे सहकार्य होते. सहकार्य एम.बी.ए. देणाऱ्या संस्थेचे असले तरी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ पदवीची ओळख एम.एम.एस. याच नावाने प्रस्थापित झाली. या नावातील 'अभ्यास' हा शब्द लक्षणीय आहे. त्यामुळे ही पदवी एम.ए., एम.कॉम. यांसारख्या विद्यापीठीय पदव्यांच्या पंक्तीत बसते, तर 'बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन' हे नाव व्यवसायाचे शिक्षण सूचित करते.

विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संस्थांनीही हेच नाव चालविले. १९७७ साली माटुंगा येथे स्थापन झालेली वेलिंगकर संस्था, १९८१ साली विद्याविहार येथे स्थापन झालेली सोमय्या व्यवस्थापन संस्था आणि त्याच वर्षी स्थापन झालेली, पुढे विलेपार्ले येथे नावारूपास आलेली नरसी मोनजी संस्था या सर्वांतून विद्यापीठाची एम.एम.एस. पदवी मिळत असे. विद्यानगरी संकुलातील आल्केश दिनेश मोदी संस्थेमुळे व्यवस्थापनाचे विद्यापीठीय शिक्षण सांताक्रूझमध्येच उपलब्ध झाले. चर्चगेटच्या विद्यार्थ्याचाही सांताक्रूझशी संबंध येई, कारण विद्यापीठाचा परीक्षा विभाग विद्यानगरीतच आहे.

सांताक्रूझ पश्चिमेस महिला विद्यापीठाने १९९७ साली जानकीदेवी बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू केली. पतीच्या नावाची संस्था चर्चगेटला आणि पत्नीच्या नावाची सांताक्रूझला, असा हा योग आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या विद्यापीठाने स्त्रियांसाठी व्यवस्थापन शिक्षणाची स्वतंत्र सोय केली, ही बाब पदवीच्या नावापेक्षा अधिक महत्त्वाची मानावी लागेल.

१९९९ साली मुंबई विद्यापीठाने 'बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज' ही पदवी सुरू केली. त्यामुळे व्यवस्थापन विषय पदवीस्तरावरच शिकलेला विद्यार्थी तयार होऊ लागला. त्याने पुन्हा तोच विषय लगेच दोन वर्षे शिकावा, की आधी नोकरी करावी, हा नवा प्रश्न त्यातून निर्माण झाला.

नामांतराची प्रक्रिया

एकविसाव्या शतकात उपनगरातील संस्थांचे स्वरूप बदलू लागले. नरसी मोनजी संस्थेस २००३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचा मुंबई विद्यापीठाशी असलेला संलग्नतेचा संबंध संपला आणि तिने स्वतःची एम.बी.ए. पदवी देण्यास प्रारंभ केला. २०१९ साली सोमय्या विद्याविहार विद्यापीठ अस्तित्वात आल्यावर तेथेही हाच बदल झाला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे व्यवस्थापन विद्यालय १९९५ साली सुरू झाले. त्याची मूळ पदवी 'मास्टर ऑफ मॅनेजमेंट' होती. तीही पुढे एम.बी.ए. झाली. पवईतीलच 'नीटी' ही १९६३ सालची संस्था प्रदीर्घ काळ पदविका देत होती. २०२३ साली तिचे भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई असे रूपांतर झाले व तीही एम.बी.ए. देऊ लागली.

या चारही उदाहरणांत संस्थेची पदवी देण्याची सत्ता, तिचे स्थान किंवा तिने स्वीकारलेले नाव बदलले. विद्यार्थी मात्र पूर्वीसारखाच राहिला. त्याने एक प्रवेशपरीक्षा द्यावी, दोन वर्षे पूर्णवेळ शिकावे, मधल्या उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत प्रशिक्षण घ्यावे आणि शेवटी नोकरीसाठी मुलाखती द्याव्यात, हा क्रम कायम राहिला. महाराष्ट्र शासनाच्या सामाईक प्रवेशपरीक्षेच्या नावातच 'एम.बी.ए./एम.एम.एस.' अशी दोन्ही नावे एका तिरक्या रेषेने जोडलेली आहेत. शासनाच्या दृष्टीने दोन्ही समकक्ष असल्याचा याहून स्पष्ट पुरावा आवश्यक नाही.

पदवी आणि पदविका

नावापेक्षा कायद्याने निर्माण केलेला भेद अधिक खरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे व संसदेने विशेष अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. १९६१ साली अहमदाबाद व कलकत्ता येथे स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्था यांत बसत नव्हत्या. त्यामुळे देशातील सर्वाधिक प्रतिष्ठित व्यवस्थापन शिक्षण अनेक दशके पदविका या नावानेच दिले गेले. २०१७ चा कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आल्यावर त्यांना एम.बी.ए. देता येऊ लागली. अंधेरीची एस. पी. जैन संस्था पदविकेच्या मार्गानेच नावारूपास आली, तर वेलिंगकर संस्थेत विद्यापीठाची एम.एम.एस. आणि संस्थेची पदविका असे दोन्ही अभ्यासक्रम एकाच छताखाली चालले.

पुढे अध्यापन किंवा पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यास हा भेद जाणवतो. विद्यापीठाच्या एम.एम.एस.ला वेगळी समकक्षता सिद्ध करावी लागत नाही. पदविकेस मात्र भारतीय विद्यापीठ महासंघाची समकक्षता आहे काय, हे पाहावे लागते.

अनुभवाचा प्रश्न : सायंकालीन अभ्यासक्रम

युरोपात जो भेद दोन पदव्यांच्या नावांत आहे, तो मुंबईत दिवसा व सायंकाळी चालणाऱ्या वर्गांत होता, हे प्रस्तुत अभ्यासाचे प्रमुख निरीक्षण आहे. मुंबई विद्यापीठाने एम.एम.एस.बरोबरच विपणन, वित्त, मनुष्यबळ विकास व माहिती व्यवस्थापन या विषयांत तीन वर्षांच्या अर्धवेळ पदव्युत्तर पदव्या दिल्या. त्यांना नोकरीच्या अनुभवाची अट होती. शिकागो विद्यापीठाने १९४३ साली नोकरदारांसाठी 'एक्झिक्युटिव्ह एम.बी.ए.' सुरू केले होते. मुंबईतील सायंकालीन पदव्यांनी तीच गरज, एम.बी.ए. हे नाव न घेता, भागविली.

या सोयीचा शहराच्या भूगोलाशी निकटचा संबंध होता. कचेऱ्या फोर्ट व नरिमन पॉइंट येथे असताना चर्चगेटचा सायंकालीन वर्ग सोयीचा होता. सांताक्रूझचा नोकरदार कचेरीतून थेट वर्गात जाई व रात्रीच्या लोकलने घरी परते. १९९० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात वित्तीय संस्थांची वस्ती वाढली आणि रोजगाराचे मोठे केंद्र विद्यानगरीच्या शेजारी आले. ज्या कुटुंबास मुलाचे किंवा मुलीचे दोन वर्षांचे उत्पन्न बुडविणे परवडत नव्हते, त्याच्यासाठी खरी निवड पगार सोडण्याची की पगारासह शिकण्याची, ही होती.

निष्कर्ष

१. मुंबईत एम.एम.एस. व एम.बी.ए. हा भेद प्राधान्याने पदवी देणाऱ्या सत्तेचा व परंपरेचा आहे. शिक्षणक्रमाचा स्तर त्यावरून ठरत नाही.

२. संस्था विद्यापीठाच्या संलग्नतेतून बाहेर पडताच एम.बी.ए. हे नाव स्वीकारते, असे नरसी मोनजी व सोमय्या या उदाहरणांवरून दिसते. हे नाव बाजारात परिचित असल्याने त्याकडे ओढा वाढला असावा.

३. अनुभवापूर्वीचे व अनुभवानंतरचे शिक्षण हा मूलभूत भेद आहे. भारतीय पदव्यांच्या नावांतून तो व्यक्त होत नाही. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण तेथे एम.बी.ए.साठी बहुधा अनुभव पाहिला जातो, तर नवपदवीधरासाठी मास्टर इन मॅनेजमेंट हाच मार्ग असतो.

४. म्हणून विद्यार्थ्याने पदवीच्या नावाआधी चार गोष्टी तपासाव्यात : पदवी कोण देते, तिची मान्यता कोणती, शिक्षण नोकरीपूर्वी घ्यावयाचे की नंतर, आणि शुल्काबरोबर बुडणाऱ्या उत्पन्नाचा भार कुटुंब किती पेलू शकते. सांताक्रूझ परिसराचा गेल्या सहा दशकांचा अनुभव पाहता नावे बदलत राहिली, परंतु या चार प्रश्नांचे महत्त्व कमी झालेले नाही.