पोढी आणि परिस्सावन : लेण्यांतील पाण्याची शुद्धता

बोरिवलीजवळील कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. चार महिन्यांच्या पावसावर तेथील भिक्खुसंघास वर्षभराची तहान भागवावी लागे. म्हणून बहुतेक लेण्यांच्या दाराशी खडकात कोरलेले टाके आढळते. प्राकृत शिलालेखांत त्यास ‘पोढी’ असे म्हटले आहे. कल्याणच्या सामिदत्त नामक सोनाराने कान्हेरीस पोढी दान केली, तर जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. पाण्याच्या या दानात दात्याचा धंदा अथवा देश आडवा आला नाही.

साठविलेले पाणी निर्मळ राखण्याची दृष्टीही या रचनेत दिसून येते. कातळावरील पाणी कोरलेल्या पन्हळींतून टाक्यात येई. टाके आत प्रशस्त, परंतु तोंड लहान असे. त्यामुळे ऊन आत पोहोचत नसे, शेवाळ वाढत नसे आणि पाण्याची वाफही कमी होई. कित्येक तोंडांभोवती झाकण बसविण्याजोगी खाच आहे.

याउपर विनयाचा नियम होता. जीवजंतू असलेले पाणी जाणूनबुजून वापरणे हा भिक्खूसाठी पाचित्तिय दोष होय. म्हणून परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र, त्याच्या आठ परिष्कारांत गणले गेले. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. प्रवासात एका भिक्खूने मनातील रागामुळे सोबत्यास परिस्सावन दिले नाही आणि तो सोबती तहानेने मरण पावला. तेव्हा तथागतांनी नियम केला की, वाटेत मागितले असता परिस्सावन नाकारू नये. आणि ते जवळ नसेल, तर संघाटीच्या कोपऱ्याने पाणी गाळावे.

येथे शुद्धतेची कसोटी पाण्यात काय आहे ही होती. त्यास कोणाचा हात लागला, ही नव्हती. दोष होता तो पाणी अडविणाऱ्याचा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी त्याच तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. ज्या कोकणच्या मातीत सोनाराची पोढी सर्वांची तहान भागवीत होती, तेथेच हे घडले.

कान्हेरीस जाणाऱ्या उपासकांनी चैत्यास वंदन करावे. परतताना दाराशी असलेल्या पोढीपाशीही क्षणभर थांबावे. धम्माचा एक पाठ तेथेही कोरलेला आहे.