अक्षरें आणि कळा

लेखनाचें साधन बदललें म्हणजे लिहिण्याचा वेग बदलतो, एवढी गोष्ट आपल्या सहज ध्यानांत येते. साधनाबरोबर अक्षरांचें भाग्यही पालटतें, ही गोष्ट मात्र बहुधा निसटून जाते. बोरूनें लिहिणाऱ्यास कोणत्याही अक्षरासाठीं वेगळी परवानगी लागत नसे. हात वळला कीं अक्षर उमटलें. कळ दाबून लिहावयाचें यंत्र आलें आणि अक्षरांत दोन जाती झाल्या. ज्यांच्या वांट्यास कळ आली तीं ‘साधीं’ ठरलीं आणि ज्यांच्या वांट्यास आली नाहीं तीं ‘विशेष’ म्हणवलीं गेलीं. संगणकावर अमुक विशेष चिन्ह कसें उमटवावें, असें आज कोणी विचारतो, तेव्हां त्या साध्या प्रश्नामागें सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास उभा असतो. तोच येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

रोमन लिपि घडली ती लॅटिन भाषेच्या गरजेपुरती. पुढें तीच लिपि फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन इत्यादि भाषांनीं स्वीकारली. पण त्या भाषांतील ध्वनि तिच्यांत मावेनात. तेव्हां जुन्याच अक्षरांवर रेघा व टिंबें देऊन त्यांनीं आपली सोय करून घेतली. हीं चिन्हें म्हणजे अक्षरांचे दागिने आहेत असा आपल्याकडे कित्येकांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. जर्मन भाषेंत ‘शोन’ म्हणजे ‘आधींच’. त्यांतील ओ या अक्षरावर दोन टिंबें दिलीं कीं उच्चार बदलतो व अर्थ होतो ‘सुंदर’. स्पॅनिशमधील ‘एन्ये’ या अक्षराची कथा तर विशेष मनोरंजक आहे. मध्ययुगांतील लेखक दोन एन् जोडून लिहिण्याचे श्रम व जागा वांचविण्यासाठीं एकच एन् लिहीत आणि दुसऱ्याची खूण म्हणून डोक्यावर एक रेघ काढीत. ती रेघ नागमोडी झाली, उच्चार ‘ञ’सारखा झाला, आणि त्यांतून एक स्वतंत्र अक्षर जन्मास आलें. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. त्यावरील रेघ गळाली तर जो शब्द उरतो, तो शरीराच्या अशा एका भागाचें नांव आहे कीं ज्याचा उच्चार सभ्य मंडळींत करीत नाहींत. नववर्षाच्या शुभेच्छा लिहितांना तिकडील माणूस त्या रेघेस किती जपत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

१८७४ सालीं रेमिंग्टन कंपनीनें अमेरिकेंत शोल्स व ग्लिडन यांचें टंकलेखनयंत्र विक्रीस काढलें. त्यावर फक्त मोठीं रोमन अक्षरें होतीं. हें यंत्र युरोपांत पसरलें तेव्हां तेथील कारागिरांनीं एक चतुर युक्ति योजिली. एरवीं कळ दाबली कीं कागद एका अक्षराएवढा सरकतो. चिन्हाच्या कळेची जोडणी त्यांनीं अशी केली कीं, ती दाबल्यावर चिन्ह उमटावें पण कागद जागचा हलूं नये. मग पुढचें अक्षर नेमकें त्या चिन्हाखालीं येऊन बसे. या कळेस ‘मृत कळ’ असें नांव मिळालें. हातानें लिहितांना आपण आधीं अक्षर काढतों व मग त्यावर खूण देतों. यंत्रानें हा क्रम उलटा केला. आज संगणकांत सरकणारा कागद उरलेला नाहीं. तथापि युरोपांतील कित्येक कळफलकांवर आधीं चिन्ह व मग अक्षर हाच क्रम चालू आहे. कारण नाहींसें झाल्यावरही रूढि टिकते, याचें हें एक उत्तम उदाहरण होय.

खरा पेंच पडला तो संगणकाच्या आगमनानंतर. १९६३ सालीं अमेरिकेंत ‘ॲस्की’ नांवाचा अक्षरसंकेत ठरला. शून्य व एक यांच्या सात घरांच्या मांडणींत १२८ जागा निघतात. १९६७ च्या सुधारित संकेतांत त्यांपैकीं ३३ यंत्राच्या आज्ञांसाठीं राखल्या गेल्या आणि उरलेल्या ९५ जागांत इंग्रजी अक्षरें, आंकडे व विरामचिन्हें यांची सोय झाली. इतर भाषांचा विचार मुळींच नव्हता असें नाहीं. अक्षर उमटवून एक घर मागें यावें व त्यावरच चिन्ह उमटवावें, अशी योजना होती. कागदावर ती चालली. पण पडदा आला आणि त्यावर नवें चिन्ह लिहिलें कीं खालचें अक्षरच पुसलें जाऊं लागलें!

मग निरनिराळ्या देशांनीं आपापली तडजोड केली. स्वीडनमध्यें चौकोनी व महिरपी कंस काढून त्यांच्या जागीं स्वीडिश स्वर बसविण्यांत आले. परंतु संगणकाच्या आज्ञा लिहिण्यास तेच कंस लागत. परिणामीं तेथील आज्ञालेखकास कंसाच्या ठिकाणीं स्वर वाचण्याची संवय करून घ्यावी लागली. भाषा राखावी तर कंस जातात आणि कंस राखावे तर भाषा जाते, अशी ती अवस्था होती.

१९८१ सालीं आय.बी.एम.चा घरगुती संगणक निघाला. त्यांत जागा दुप्पट, म्हणजे २५६ झाल्या. पण कळा तेवढ्याच राहिल्या. तेव्हां ‘ऑल्ट’ ही कळ दाबून धरावी व बाजूच्या आंकड्यांवर अक्षराचा क्रमांक लिहावा, अशी सोय झाली. १३० लिहिल्यास तिरकी रेघ असलेला फ्रेंच ई, १६४ लिहिल्यास स्पॅनिश एन्ये. त्याच फ्रेंच ईला पुढें विंडोज प्रणालींत ०२३३ हा दुसरा क्रमांक मिळाला. आपल्याच नांवांतील अक्षरासाठीं क्रमांक पाठ करण्याची पाळी लिहिणाऱ्यावर आली.

या कथेंतील सर्वांत बोलका प्रसंग स्पेनमध्यें घडला. ज्या कळफलकावर एन्ये नाहीं तो आपल्या देशांत विकूं नये, असा स्पेनचा नियम होता. १९९१ सालीं युरोपीय समुदायानें त्यास हरकत घेतली. असा नियम मुक्त व्यापाराच्या आड येतो, हें त्याचें म्हणणें. व्यापाऱ्यांची बाजू अगदींच पोकळ नव्हती. सर्व देशांसाठीं एकच कळफलक केला तर तो स्वस्त पडतो, हें उघड आहे. पण स्पेनमध्यें संतापाची लाट उसळली. राजमान्य भाषा-अकादमीनें निषेध केला. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्यासारख्या कोलंबियन लेखकानेंही आपला आवाज मिळविला. अखेर एप्रिल १९९३ मध्यें सरकारनें फर्मान काढून एन्येची कळ कायम राखली आणि त्यासाठीं मास्त्रिख्तच्या करारांतील सांस्कृतिक वारशाच्या तरतुदीचा आधार घेतला. एका रेघेसाठीं एवढा खटाटोप कशास, असें विचारणाऱ्यांनीं मघांचा ‘आन्यो’ शब्द आठवावा.

त्याच १९९१ सालीं ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. जगांतील प्रत्येक लिपीच्या अक्षरास स्वतःची जागा द्यावयाची, ही तिची प्रतिज्ञा. देवनागरीसही तीत जागा मिळाली. तरी आपल्या मराठीची अडचण लगेच संपली नाहीं. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावयाची आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी; दोहोंतील भेद फक्त र कसा लिहावा एवढाच आहे. हा दुसरा, आडव्या रेघेचा र हिंदींत लागत नाहीं. म्हणून तो कोणत्या कळांनीं उमटतो हें आजही पुष्कळांस ठाऊक नसतें, आणि लग्नाच्या हिशेबांत आचारी व आचार्य यांची अदलाबदल होते. ‘ॲ’ या अक्षरास तर युनिकोडमध्यें स्वतंत्र जागा मिळण्यास २००८ साल उजाडलें. शिवाय जागा मिळणें निराळें आणि कळ मिळणें निराळें. स्वरचिन्हयुक्त मोठीं अक्षरें सुलभपणें लिहितां यावींत असा नवा कळफलक फ्रान्ससारख्या संपन्न देशानें प्रमाण म्हणून ठरविला, तो २०१९ सालीं.

अक्षरें कधीं बदलूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. तुर्कस्थाननें १९२८ सालीं आपली सारी लिपि बदलली. महाराष्ट्रांत १९६२ सालीं मान्य झालेल्या नियमांनीं मराठींतील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. आमच्या हातून ते अद्यापि सुटत नाहींत, हें या लेखावरून दिसतच आहे. तरी तो निर्णय ती भाषा लिहिणाऱ्यांनीं वाद करून, विचार करून घेतला, म्हणून त्यास मान द्यावा लागतो. कळ नाहीं म्हणून जें अक्षर जातें, त्याच्याविषयीं मात्र कोणीं वाद केलेला नसतो आणि विचारही केलेला नसतो. तें नुसतें घाईंत गळून पडतें.

म्हणून आमची विनंती लहानशीच आहे. घरांतील मुलें कळफलकावर लिहावयास शिकतील तेव्हां त्यांस सोप्या अक्षरांबरोबर हा आडवा र व हा ॲही शिकवावा. आणि परदेशी मनुष्याचें नांव लिहितांना त्यावरील रेघ किंवा टिंब शोधण्यास दोन क्षण अधिक लागले तर ते द्यावे. आपल्या नांवांतील अक्षर कोणीं गाळलें तर आपणांस जें वाटतें, तेंच त्यालाही वाटत असतें.