डिफरन्शिअल, मोटारगाडीतील

डिफरन्शिअल, मोटारगाडीतील : एंजिनाची शक्ती गाडीच्या दोन चालक चाकांना सारख्या जोराने पोहोचवीत असतानाच, वळणावर त्या दोन चाकांना परस्परांहून निराळ्या वेगाने फिरण्याची मुभा देणारी दंतचक्रांची योजना. मागील चाकांनी चालणाऱ्या गाडीत ती मागच्या आसाच्या मध्यभागी, लोखंडी हाऊसिंगच्या फुगीर भागात बसविलेली असते. पुढील चाकांनी चालणाऱ्या गाडीत ती गिअरबॉक्सच्याच पेटीत सामावलेली असते.

प्रयोजन : वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. दोन चाकांमधील अंतर 1.4 मीटर असलेली गाडी एक पूर्ण वर्तुळ फिरली, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे 8.8 मीटर अधिक चालते, आणि वर्तुळ लहान असो वा मोठे, ही तफावत तेवढीच राहते. म्हणजे साध्या काटकोनातल्या प्रत्येक वळणाला ती सव्वादोन मीटरांच्या आसपास भरते. बैलगाडीची चाके आसावर मोकळी फिरत असल्याने तिच्यापुढे ही अडचण कधीच उभी राहिली नाही. परंतु चाके नुसती गडगडत न राहता आसानेच त्यांना फिरवावे, अशी तरतूद जेव्हा करावी लागली, तेव्हा दोन्ही चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसविल्यास वळणावर एक चाक रस्त्यावर घासत जाणार, टायर झिजणार, आसाला पीळ पडणार आणि गाडी सरळ जाण्याचाच हट्ट धरणार, हे उघड होते.

इतिहास : ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 मध्ये हाती आलेल्या प्राचीन यंत्रात अशी योजना असल्याचे मत डेरेक प्राइस या संशोधकाने 1974 मध्ये मांडले होते, पण क्ष-किरणांच्या साहाय्याने पुढे झालेल्या अभ्यासांनी ते उचलून धरले नाही. प्राचीन चीनमधील दक्षिणदर्शी रथाविषयीही असेच म्हटले जाते. त्या रथाची अंतर्रचना कोठेही शिल्लक नसल्याने हे केवळ अनुमान समजावे. रस्त्यावरील वाहनाच्या संदर्भात ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाचे नाव निर्विवादपणे घेतले जाते. त्याने वाफेच्या गाडीसाठी घेतलेल्या पेटंटाचे साल बहुतेक ग्रंथांत 1828 व काहींत 1827 असे आढळते.

तथापि ही योजना लोकांच्या नित्य वापरात आणली ती इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील सायकल-कारखानदार जेम्स स्टार्ली याने. दोघांनी शेजारी-शेजारी बसून पायटे मारावयाच्या सायकलीवर तो आपल्या मुलासह निघाला असता, मुलाच्या पायांत अधिक जोर असल्याने गाडी एका बाजूला ओढत जाऊन रस्त्याकडेच्या झुडपात शिरली व त्यातून त्याला ही कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. हकीकतीची शहानिशा करणे कठीण असले तरी 1877 साली त्याने तीनचाकी सायकलीसाठी हा संच बनविला, याविषयी मतभेद नाही. कार्ल बेंझ याने 29 जानेवारी 1886 रोजी जिच्यासाठी पेटंटाचा अर्ज केला, त्या तीनचाकी मोटारगाडीतही डिफरन्शिअल होताच. मात्र तो मागच्या आसावर नसून मधल्या आडव्या दांड्यावर होता, आणि तेथून दोन्ही मागच्या चाकांना साखळ्यांनी चालना मिळत असे. मोटारगाडीला हे उपकरण मागाहून जोडले गेले असा जो समज आढळतो, तो यावरून चुकीचा ठरतो.

रचना व कार्य : एंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते, आणि ते काटकोनात बसविलेल्या क्राऊन या मोठ्या दंतचक्राला फिरवते. क्राऊन ज्या पिंजऱ्याला बोल्टांनी जखडलेले असते त्या पिंजऱ्यात एक आडवी पिन असून तिच्यावर दोन लहान शंक्वाकार दंतचक्रे मोकळी बसविलेली असतात (अवजड वाहनांत पिनेच्या जागी क्रूस असून त्यावर चार दंतचक्रे असतात). ही चक्रे दोन्ही अंगांच्या दंतचक्रांत गुंतलेली असतात आणि त्या अंगच्या चक्रांतून दोन अर्धे आस दोन चाकांकडे जातात. गाडी सरळ चालली असता पिनेवरील चक्रे स्वतःभोवती मुळीच फिरत नाहीत. सारा पिंजरा एकसंध गोळ्यासारखा फिरतो. वळणावर आतले चाक मंदावले की पिनेवरील चक्रे स्वतःभोवती फिरू लागतात, आणि आतल्या चाकाचा वेग जितका घटला तितकाच बाहेरच्या चाकाचा वाढतो. दोन्ही चाकांच्या वेगांची बेरीज पिंजऱ्याच्या वेगाच्या बरोबर दुप्पट, हा येथील नियम होय. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागची दोन्ही चाके जॅकवर उचलावीत, एक सहाय्यक पिनियनचा दांडा धरून ठेवील अशी व्यवस्था करावी व एक चाक हाताने पुढे फिरवावे, म्हणजे दुसरे चाक आपोआप तेवढेच मागे फिरताना दिसते. हा नियम समजावून देण्यास याहून सुलभ प्रयोग नाही.

वेग निराळे असले तरी घर्षण वगळता दोन्ही चाकांवरचा पीळ नेहमी सारखा राहतो, आणि या उपकरणाचा गुण व दोष एकाच ठिकाणी आहे तो येथेच. एक चाक चिखलात रुतून गरगरू लागले, की त्याला फिरविण्यास जेवढा अल्प जोर लागतो तेवढाच जोर कोरड्या जमिनीवरील चाकाच्या वाट्याला येतो, आणि गाडी जागची हलत नाही. काळ्या जमिनीत पावसाळी मशागत करणाऱ्या किंवा उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला ही गोष्ट पुरी ठाऊक असते. म्हणूनच ट्रॅक्टरला पायाने दाबावयाचा डिफरन्शिअल-लॉक दिलेला असतो. लॉक लागला असता दोन्ही चाके एकत्र बांधली जातात. कोरड्या रस्त्यावर तशा स्थितीत वळण घेऊ नये.

क्राऊन-पिनियन व तेल : साध्या शंक्वाकार दातांचा आवाज फार होई, म्हणून न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ग्लीसन कारखान्याने सर्पिल दातांची दंतचक्रे कापण्याची यंत्रे 1913 च्या सुमारास सिद्ध केली, व 1920 नंतरच्या दशकात त्याच कारखान्याने हायपॉइड पद्धत विकसित केली. या पद्धतीत पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षाला छेदत नाही, तर त्याच्या खालून जातो. त्यामुळे लांब दांडा खाली येतो व गाडीचा तळ खाली घेता येतो. पॅकार्ड गाड्यांनी ही सोय 1926 पासून उपयोगात आणली. पण या सोयीची किंमत दातांना मोजावी लागते : हायपॉइड दात परस्परांवर केवळ लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घासतही जातात, आणि प्रचंड दाबाखालील हे घासणे साध्या खनिज तेलाचा पापुद्रा पार फाडून टाकते. यावर उपाय म्हणून आरंभी शिशाचा साबण व सक्रिय गंधक घातलेली तेले आली आणि पुढे गंधक-फॉस्फरसयुक्त तेले रूढ झाली. दाबाने तापलेल्या पृष्ठभागावर ही द्रव्ये लोखंडाशी संयोग पावून पातळ संरक्षक थर तयार करतात. जीएल-5 ही श्रेणी अशाच हायपॉइड संचांसाठी आहे. तेच तेल पितळी भाग असलेल्या गिअरबॉक्समध्ये वापरावे की नाही, याविषयी जाणकारांत एकमत नाही. उत्पादकाने सांगितलेली श्रेणी पाळणे हे सुरक्षित. गॅरेजमध्ये नव्वद नंबरचे ऑइल म्हणून ज्याची मागणी होते, तेवढ्याने फक्त त्याची दाटता कळते, श्रेणी कळत नाही. ही बाब डब्यावरून स्वतः वाचून घ्यावी.

क्राऊन व पिनियन कारखान्यात एकत्र घासून जुळविलेले असतात आणि दोहोंवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. त्यामुळे एक बदलावयाचे तर दोन्ही बदलावे लागतात. जुन्या विलिस जीपमध्ये पिनियनला 8 व क्राऊनला 39 दात, म्हणजे 4.88 चे प्रमाण होते. या संख्यांना सामाईक अवयव नसल्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो व झीज सर्वत्र सारखी होते. जोडी बसविताना क्राऊनच्या काही दातांना निळा रंग लावून ती फिरवतात व पिनियनने उमटविलेला ठसा पाहतात : ठसा दाताच्या मध्यावर पडला तर जोडी जमली, टोकाकडे किंवा बुडाकडे सरकला तर शिम घालून वा काढून पिनियन व क्राऊन पुन्हा बसवावे लागतात. दातांमधील मोकळीक लहान मोटारीत सामान्यतः 0.15 ते 0.20 मिमी. एवढीच ठेवतात. डायल-गेजशिवाय, नुसत्या हाताच्या अंदाजाने बसविलेली जोडी थोड्याच दिवसांत गुणगुणू लागते.

निगा : डिफरन्शिअलला ना दर्शक-काटा, ना इशाऱ्याचा दिवा, आत तेल नसले तरी तो काही काळ बिनतक्रार चालतो, आणि त्याची जी हयगय होते तिचे कारण हेच. लहान मोटारीत तेल अवघे लिटर-दीड लिटर असते, म्हणून पिनियनच्या ऑइल सीलमधून रोज थेंबभर गळती झाली तरी वर्षाकाठी तिचा परिणाम दिसतो. तपासणीसाठी गाडी सपाटीवर उभी करून हाऊसिंगच्या बाजूचा भरण्याचा प्लग काढावा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. अनुभवी कारागीर करंगळी आत घालून पातळी पाहतो, आणि बोटाला लागलेले तेल चोळून त्यात कण आहेत का, जळका वास आहे का, तेही पाहतो. तेल बदलताना आधी भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री करून मगच खालचा प्लग काढावा, हा क्रम कधीही मोडू नये. नाहीतर तेल निघून गेलेले, वरचा प्लग गंजून अडकलेला आणि गाडी जागेवर खिळलेली, असा प्रसंग येतो. चुंबकी प्लगवरील राखाडी लगदा स्वाभाविक होय. नखाला टोचणारा कण निघाला तर मात्र हाऊसिंग उघडणे भाग आहे.

मुदतीविषयी उत्पादकांची वचने भिन्न आहेत : काहींनी 40,000 किमी. च्या आसपास तेल बदलण्यास सांगितले आहे, तर काहींनी ते गाडीच्या आयुष्यभर पुरेल असे म्हटले आहे. अवजड ओझे, घाट आणि उन्हाळा यांचा विचार करता पहिले मत आपल्याकडील वापरास अधिक योग्य होय. नव्या जोडीचे पहिले तेल लवकर बदलावे, कारण जुळणीत निघालेला कीस त्यातच फिरत असतो.

हाऊसिंगवरील लहानशा ब्रीदरकडे, म्हणजे हवेच्या ये-जा करण्याच्या वाटेकडे, लक्ष देणारे थोडेच. तो चिखलाने बुजला की आत तापलेल्या हवेचा दाब सीलमधून तेल बाहेर काढतो. उलट तापलेले हाऊसिंग पुराच्या पाण्यात शिरले, की आकुंचन पावणारी हवा सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. असे तेल दुधाळ होते. पाण्यातून गाडी काढल्यावर, वरून काही दिसो वा न दिसो, तेल तपासावेच, आणि दुधाळ निघाल्यास त्याच दिवशी बदलावे. एकदा गंजलेले बेअरिंग पुन्हा पूर्ववत होत नाही.

पिनेवरील चक्रांना बेअरिंग नसते. वळणापुरती मंद गती त्यांना सोसते, पण रुतलेल्या गाडीत एक चाक वेगाने गरगरत ठेवले तर ती कोरडी पडून पिनेला चिकटतात. दोन बाजूंना निरनिराळ्या मापांचे वा फार असमान झिजलेले टायर असले, तर सरळ रस्त्यावरही या चक्रांना विसावा मिळत नाही.

आवाजावरून निदान : ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा व सोडताच बदलणारा घूंऽऽ आवाज बहुधा क्राऊन-पिनियनचा, केवळ वळणावर येणारा पिनेवरील चक्रांचा, वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर बेअरिंगची. गाडी सुरू होताना बसणारा धक्का नेहमीच डिफरन्शिअलचा नसतो, युनिव्हर्सल जॉइंट आधी पाहावा.

पुढील चाकांनी चालणाऱ्या गाड्या : मारुती 800 ही 1983 साली आली, आणि भारतात डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या पेटीत गेल्याचे सर्वसामान्यांना प्रथम दिसले. आडव्या एंजिनाच्या अशा गाडीत शक्तीला काटकोनात वळावे लागत नसल्यामुळे हायपॉइड दात लागत नाहीत, व गिअरबॉक्सचेच तेल दोहोंना पुरते.

मर्यादित घसरणीचे प्रकार : एक चाक गरगरले की गाडी अडते, हा वर सांगितलेला दोष कमी करणारे डिफरन्शिअल घर्षणचकत्यांचे, तसेच टॉर्सन पद्धतीचे असतात. चकत्यांच्या प्रकारांपैकी पुष्कळांना विशिष्ट पूरकद्रव्य घातलेले तेल लागते.

विद्युत् मोटारी : एकच मोटार दोन चाकांना चालवीत असेल तर डिफरन्शिअल कायम असतो, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटार असल्यास तो लागत नाही.