मोसंबी गेली, डाळिंब आलं : प्रवराकाठचं मीठ आणि फळझाडं

मंडळी, अहिल्यानगर जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण भुईकोट किल्ल्याकडे जातो, नाहीतर साखर कारखान्यांकडे. आज आपण पायाखालच्या जमिनीकडे पाहू. श्रीरामपूरची मोसंबी एके काळी नावाजलेली होती. आज जिल्ह्याच्या उत्तर भागात, राहाता-संगमनेरकडे, डाळिंब आणि पेरूच्या बागा नजरेत भरतात. हा बदल भावामुळे झाला, रोगांमुळे झाला, हे खरंच. पण त्यात मिठाचाही हात होता, आणि तो हिशोबात क्वचितच धरला जातो.

भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी प्रवरेचं पाणी दुष्काळी गावांत नेलं. ऊस वाढला, 1950 मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आता कालव्याचं पाणी तर गोडं; मग मीठ आलं कुठून? ते जमिनीतच होतं. खोल काळ्या मातीतून पाण्याचा निचरा होत नाही. कालव्याचा पाझर आणि मोकाट पाणी यांनी भूजल वर चढतं, उन्हाळ्यात त्याची वाफ होते, आणि विरघळलेले क्षार वर राहतात. बांधाला पांढरी फुटते ती अशी.

हे नवीन नव्हतं. नीरा डाव्या कालव्याला पाणी 1885 च्या सुमारास सुटलं, आणि हॅरॉल्ड मॅन व तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 साली लिहिलं. म्हणजे भंडारदरा पुरं होण्याच्या 16 वर्षं आधी इशारा छापून झाला होता.

आता झाडांकडे येऊ. क्षार वाढले की मातीत ओल असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. शिवाय क्लोराईड आणि सोडियम पानात साठतात, पानांच्या कडा करपतात. मोसंबी-संत्र्याची जात यात फार नाजूक. मातीच्या अर्काची क्षारता साधारण 1.7 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की संत्र्याचं उत्पन्न घटू लागतं. खजूर 4 पर्यंत सहज सोसतो. बोरही चिवट, डाळिंब मधलं. मोसंबीची शेंडेमर फक्त क्षारांनी होत नाही. चुनखडी, डिंक्या, तुंबलेलं पाणी, सगळं त्यात येतं. पण भारी, पाणथळ जमिनीत ही सगळी दुखणी एकदमच अंगावर येतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मीठ कुणी सोसायचं हे वरच्या फळाच्या जातीपेक्षा खालचा खुंट जास्त ठरवतो. त्याच मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबावर भरला तर जंबेरीपेक्षा क्लोराईड पानापर्यंत कमी पोचतं. द्राक्षवाल्यांनी डॉगरिज खुंट धरला, त्यामागे दुष्काळाबरोबर खारं पाणीही होतं. उलट डाळिंबाचा गणेश घ्या, किंवा राहुरीच्या विद्यापीठाचे मृदुला, भगवा घ्या. त्यांची निवड रंग, गोडी, मऊ दाणा यांसाठी झाली. मीठ सोसणं हा डाळिंबाच्या कुळाचा गुण, तो आयता मिळाला.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे : सोसणारं झाड लावल्याने मीठ जात नाही. ते फक्त आपल्याला दिसेनासं होतं. मोसंबी आधी करपून ओरडायची. डाळिंब बरीच वर्षं गप्प राहतं. तोवर ठिबकने दिलेल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यातलं मीठ ओल्या गोलाच्या कडेला साठत राहतं. आणि डाळिंब मीठ सोसलं तरी तुंबलेलं पाणी सोसत नाही, हे बागाईतदारांना मर रोगाने शिकवलंच आहे.

उपाय जुनेच आहेत. खारवट जमिनीला चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, आणि वरून गोडं पाणी देऊन क्षार धुऊन काढणं. चोपण जमिनीला आधी जिप्सम, मग निचरा. नुसतं पाणी सोडलं तर चिखल घट्ट होतो. दोन्हींत फरक आहे, म्हणून आधी माती तपासायची. आणि चर एकट्याच्या बांधावर संपत नाही. पाणी शेवटी शेजाऱ्याच्या शेतातून ओढ्याला जायचं असतं. ज्या जिल्ह्याने सहकाराने साखर केली, त्याला सहकाराने चर खणणं जड जाऊ नये.