ग्रामपंचायत आणि कुंभारवाडा

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रीसंत गोरोबाकाकांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे. परंतु तेरच्या त्या थोर पुरुषास वंदन करून झाले की आपले लेखक बहुधा एकदम आजच्या मागण्यांवर उतरतात. मधल्या शतकांत गावाच्या कारभारात कुंभाराला कोठे उभे केले जात होते, त्याला कोण विचारीत होते आणि कोणत्या कामापुरते विचारीत होते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील काही लहान ग्रामपंचायतींची दप्तरे सवडीने चाळली. त्यांत जे आढळले ते ज्ञातिबांधवांच्या नजरेस आणावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ग्रामपंचायत ही आपली प्राचीन संस्था आहे असे व्यासपीठांवरून नेहमी सांगितले जाते. हिंदुस्थानातील खेडी म्हणजे लहान लहान स्वयंपूर्ण प्रजासत्ताकेच होत, हे मत चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास मांडले आणि पुढे आपल्याच पुढाऱ्यांनी ते उचलून धरले. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कल्पनेवर कठोर प्रहार केला. तरीही पुढे घटनेच्या ४० व्या अनुच्छेदात ग्रामपंचायती स्थापन करण्याचे तत्त्व समाविष्ट झालेच. या वादात बलुतेदाराने कोणाची बाजू घ्यावी? आमचे मत स्पष्ट आहे. जुन्या वऱ्हाडातील गाव पाटील व पटवारी यांच्या हाती होते आणि त्यांच्या वर परगण्याचे देशमुख-देशपांडे होते. चावडीवर कुंभार जात असे, पण बसावयास नव्हे. बारशापासून मयतापर्यंत लागणारी मडकी, संक्रांतीची सुगडी, नवरात्राचा घट ही त्याने वेळेवर पुरवावी आणि सुगीत खळ्यावर जाऊन ज्वारीचा वाटा घ्यावा, इतकाच त्याचा गावाशी करार. वाटा किती, हे ठरविताना त्याचे मत कोणी घेतले असल्यास ते आमच्या वाचनात आलेले नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः वऱ्हाडाबाहेरच्या खेड्यांविषयी असला, तरी बलुत्याची ही रीत समजून घेण्यास आपल्या तरुणांनी तो अवश्य वाचावा.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला आणि १९०३ साली तो मध्यप्रांतास जोडण्यात आला. १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. मध्यप्रांताचा ग्रामपंचायतीचा कायदा १९२० चा, आणि त्यानंतरचा मध्यप्रांत व वऱ्हाडचा पंचायत कायदा १९४६ चा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला व १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम आपल्याकडेही लागू झाला. २०१२ साली त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले. आज जिल्ह्यातील तेराही तालुक्यांचा ग्रामकारभार याच अधिनियमाखाली चालतो. कायद्याच्या या मालिकेत कुंभाराच्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट एकच होती. ती म्हणजे प्रौढ मताधिकार. जो चावडीच्या पायरीशी उभा राहत होता त्याचे नाव यादीत पाटलाच्या नावाखाली त्याच अक्षरात छापले गेले.

आता प्रत्यक्ष कारभाराकडे वळू. लहान ग्रामपंचायतीचे कामकाज म्हणजे काही संसदेचे अधिवेशन नव्हे. सात किंवा नऊ सभासद, एक सरपंच, एक उपसरपंच, दप्तर सांभाळणारा ग्रामसेवक आणि दवंडीपासून दिवाबत्तीपर्यंत सर्व करणारा शिपाई. महिन्याची सभा भरते; मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम होते; खर्चास मंजुरी दिली जाते; आलेल्या अर्जांचे वाचन होते. विषय तेच ते असतात. जाहीर विहिरीतील गाळ काढणे, पाण्यात जंतुनाशक पूड टाकणे, नाली तुंबली ती मोकळी करणे, घरपट्टीची थकबाकी, आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, रस्त्यावर बांधलेला ओटा, कोणाच्या तरी परसातील उकिरडा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा असल्याने तिकडील कार्यवृत्तांत गोड्या पाण्याचा विषय पुन्हा पुन्हा येतो. घाटावर चिखली-मेहकरकडे उन्हाळ्यातील टंचाईचा येतो. वाचणाऱ्यास हे सर्व अगदी रूक्ष वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु चार-पाच वह्या वाचून झाल्यावर ध्यानात येते की गावात कोणाचे चालते आणि कोणाचे चालत नाही, हे या रूक्ष ठरावांइतके दुसरे काहीच सांगत नाही. कोणाच्या गल्लीतील नाली पहिल्या वर्षी झाली आणि कोणाची ‘निधी उपलब्ध होताच घेण्यात येईल’ या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे राहिली, एवढे जरी पाहिले तरी पुरे.

या कारभारात कुंभाराची गाठ पडते ती बहुधा चार ठिकाणी. पहिले ठिकाण कोंडवाडा. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा. पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाते, ते दंड व चाऱ्याचा खर्च भरून सोडवावे लागते. कायदा सर्वांना सारखा आहे. परंतु कुणब्याचा बैल रानात शिरला तर शेजारी हाकून देतो, आणि कुंभाराचे गाढव शिरले तर कोंडवाड्यात नेतो, हा अनुभव आपल्यापैकी किती घरांत सांगितला जातो! आमच्या घरातील एक वडीलधारी माणसे सांगत की भर उन्हाळ्यात, म्हणजे माठांच्या ऐन हंगामात, त्यांची दोन्ही गाढवे कोंडली गेली. माती आणावयास जनावर नाही आणि मडकी विकल्याखेरीज दंडास पैसा नाही. शेवटी घरातील पितळी घागर गहाण पडली. मातीची घागर घडविणाऱ्याने पितळेची घागर गहाण ठेवून गाढवे सोडविली, यावर ते पुढे स्वतःच हसत असत. त्या वेळी पंचायतीत आपले कोणी असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. निदान अर्ज तरी वाचला गेला असता.

दुसरे ठिकाण माती व आवा. तळ्याची किंवा नदीकाठची चिकण माती, तीत मिसळण्याची राख व लीद, आणि भाजण्यास गोवऱ्या व पऱ्हाट्या, एवढे आपले भांडवल. परंपरागत कुंभारांस मातीवरील स्वामित्वधनाची माफी शासनाने दिलेली आहे. तरी माती जेथून काढावयाची ती जागा गावाची असते, आणि गायरान म्हणा, तळे म्हणा, गावाच्या जागेसंबंधी पहिला शब्द पंचायतीत निघतो. पूर्वापार जेथून माती उचलली त्या ठिकाणी शाळेचे मैदान किंवा पाण्याची टाकी आली, तर तिला विरोध करणे आम्हांस शोभणार नाही. परंतु त्याच ठरावात कुंभारास दुसरी जागा दाखविण्याचे एक वाक्य घालण्यास कोणाचे काय जाते? असे वाक्य आम्हांस एकाही वहीत आढळले नाही. आव्याच्या धुराची तक्रार मात्र अनेक ठिकाणी आढळली. पूर्वी आवा गावकुसाबाहेर असे. वस्ती वाढून गावच आव्याभोवती आले. धुराचा त्रास होतो हे खरेच आहे आणि आपल्याच स्त्रियांच्या डोळ्यांना तो सर्वांत अधिक होतो.

तिसरे ठिकाण आठवडी बाजार. वसुलीचा लिलाव घेणारा ठेकेदार ओट्यावरची जागा कापड व किराण्याच्या दुकानांना देतो. मडक्यांचा पसारा मोठा आणि किंमत थोडी, म्हणून आपल्या भगिनी कडेला उन्हात बसतात. जागा अधिक व्यापली म्हणून फी मात्र अधिक मागितली जाते. या एका बाबतीत काही पंचायतींनी चांगला निर्णय करून मातीच्या भांड्यांस बाजार फी माफ केल्याचे आम्ही पाहिले. ठराव चार ओळींचा. त्या चार ओळींसाठी कोणी तरी सभेत तोंड उघडले असले पाहिजे.

चौथे ठिकाण घरपट्टीची वही, म्हणजे नमुना आठ. ही वही आम्हांस सर्वांत बोलकी वाटली. तीत प्रत्येक घराचे वर्णन असते. धाब्याचे, कवेलूचे, टिनाचे, पक्के. जुन्या आकारणीत पानामागून पान ‘कवेलू’ असा शब्द येतो. ते कवेलू आपल्या हातचे. पुढच्या आकारणीत तेथे टिन येते, आणखी पुढे स्लॅब. एखाद्या व्यवसायाचा ऱ्हास कोणी इतक्या अलिप्तपणे लिहून ठेवला असेल असे वाटत नाही. ग्रामसेवकाने तर केवळ करासाठी लिहिले. त्याच सुमारास नळाचे पाणी आले, ॲल्युमिनियम आले, प्लॅस्टिक आले. आपली माणसे विटांच्या भट्ट्यांकडे गेली, मजुरीकडे गेली, काही शिकून नोकरीस लागली. २००० सालानंतर गावोगाव संत गाडगेबाबांच्या नावाने स्वच्छता अभियान सुरू झाले आणि पंचायतींच्या भिंतींवर बाबांची चित्रे रंगली. ज्या फुटक्या गाडग्यावरून बाबांना नाव मिळाले ते कोणा कुंभाराने घडविले असणारच, हे चित्र पाहताना आमच्या मनात येते. असो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मत मिळाले, परंतु आसन मिळाले काय? १९५८ च्या अधिनियमात स्त्रियांसाठी व अनुसूचित जातिजमातींसाठी राखीव जागांची तरतूद होती. लहान संख्येच्या बलुतेदारांसाठी काहीच नव्हते. गावात आपली घरे पाच-सात. ती एका प्रभागात असली तरी निवडून येण्यास पुरेशी नाहीत, दोन प्रभागांत विभागली गेली तर विचारावयासच नको. सत्यशोधक चळवळीचे बळ या जिल्ह्यात होते. जोतीराव फुल्यांचे चरित्र १९२७ साली लिहिणारे पंढरीनाथ पाटील याच जिल्ह्याचे. परंतु बहुजन समाजाच्या हाती सत्ता आली, तेव्हा ती त्या समाजातील मोठ्या संख्येच्या जातींपाशी थांबली, हे कटू असले तरी लिहिणे प्राप्त आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, आणि १९९४ साली राज्याने आपल्या कायद्यात बदल करून इतर मागासवर्गास २७ टक्के जागा राखून ठेवल्या. त्यानंतर आपल्या ज्ञातीची माणसे, आणि विशेष म्हणजे आपल्या भगिनी, सभेत बसू लागल्या. आरंभी काहींच्या नावावर यजमानच कारभार करीत, हे आम्ही लपवीत नाही. पण २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्मा झाला, आणि सभेला स्वतः येऊन ठराव वाचावयास लावणाऱ्या सुना आज आपण पाहतो.

हे आसन किती अस्थिर आहे ते ४ मार्च २०२१ रोजी दिसून आले. आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एकूण राखीव जागा निम्म्याहून अधिक होता कामा नयेत आणि मागासलेपणाची आकडेवारी आयोगामार्फत गोळा केल्याखेरीज या जागा देता येणार नाहीत. २०२२ साली बांठिया आयोगाचा अहवाल आला. ६ मे २०२५ च्या आदेशाने निवडणुका आयोगाच्या अहवालापूर्वीच्या स्थितीप्रमाणे घेण्यास सांगण्यात आले. मधल्या काळात ज्या गावांच्या निवडणुका झाल्या तेथे कित्येक ठिकाणी आपली जागा सर्वसाधारण झाली. अनुसूचित क्षेत्र व मोठी संख्या असलेल्या जाती यांचे प्रश्न निराळे आहेत; परंतु पाच घरांच्या जातीला आकडेवारीखेरीज दुसरा आधार नाही.

याच ठिकाणी दप्तराचा प्रश्न येतो. राखीव जागेवर निवडून आलेल्या सभासदास जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर करावे लागते. न केल्यास पद जाते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आपली मंडळी शाळेत उशिरा गेली, शेती बहुतेकांना नव्हती. मग शाळेचा दाखला नाही व सातबाराही नाही. उरते ते आपल्याकडे ज्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात ते, म्हणजे गावातील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींचे पुस्तक. ज्या पणजोबांनी कधी सही केली नाही त्यांच्या घरी मूल जन्मल्याची एक ओळ, आणि तीत जातीच्या रकान्यात ‘कुंभार’ हा शब्द. तेवढ्यावर आज पणतीचे सभासदत्व टिकते. आम्ही तहसील कचेरीत अशी पाने पाहिली. कडा झिजलेल्या, शाई तपकिरी झालेली, काही पानांना वाळवी लागलेली. ज्या गावांची पुस्तके अद्याप शाबूत आहेत तेथील ज्ञातिबांधवांनी आपल्या घराच्या नोंदींच्या प्रमाणित नकला याच वर्षी काढून घ्याव्यात, आणि त्यांची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात द्यावी. पुढील अंकात गाववार यादी देण्याचा आमचा मानस आहे.