व्हीलर दांपत्याचा खरा पत्ता

रिचर्ड येट्स यांची ‘रिव्होल्युशनरी रोड’ १९६१ साली आली, तेव्हापासून तिच्यावर एकच शिक्का आहे: अमेरिकी उपनगरांवर कोरडे ओढणारी कादंबरी. सॅम मेंडिस यांच्या २००८च्या चित्रपटाने तो अधिकच ठळक केला. मला तो मुळीच मान्य नाही.

पूर्वपक्षाकडे पुरावा आहे, हे खरे. १९५५चे कनेक्टिकट, दर्शनी मोठ्या काचेचे टुमदार घर, गोडबोल्या घरदलाल मिसेस गिव्हिंग्ज, हौशी मंडळींचे साफ पडलेले नाटक. पण उपनगराला नावे ठेवतो कोण? कादंबरीचा नायक फ्रँक व्हीलर, तेही शेजारच्या कॅम्पबेल दांपत्यासमोर, हातात पेला घेऊन. पात्राचे मत लेखकाच्या माथी का मारायचे? येट्स यांनीही पुढे मुलाखतीत सांगितले की, सारा दोष उपनगराचा ही व्हीलरांची भ्रामक समजूत होती.

लेखकाची साक्ष बाजूला ठेवू. घटनाक्रमच बोलका आहे. फ्रँकची बायको एप्रिल हिला पहिल्यांदा दिवस जातात ते मॅनहॅटनमधल्या बेथून स्ट्रीटवरच्या खोलीत. तिला गर्भ नको असतो. खरे तर फ्रँकलाही मूल नको असते, तरी तो भांडून तिला थांबवतो, कारण तिच्या निर्णयाने त्याच्या पुरुषपणाला ठेच लागते. मग वडिलांनी जिथे नोकरी केली त्याच नॉक्स कंपनीत तो गंमत म्हणून नोकरी धरतो आणि तिथेच रुजतो. संसाराचा पाया इथेच खोटा पडला, आणि तेव्हा कनेक्टिकटचे घर त्यांनी पाहिलेलेही नव्हते!

पुढे पॅरिसला जायचे ठरते. एप्रिल कमावणार, फ्रँक स्वतःचा शोध घेणार. या मोकळिकीलाच तो घाबरतो. बढतीची चाहूल लागते, एप्रिलला तिसऱ्यांदा दिवस जातात आणि त्याला आयते निमित्त मिळते. हे तोंडावर सांगतो तो मनोरुग्णालयातून भेटीला आलेला मिसेस गिव्हिंग्ज यांचा मुलगा जॉन. तो घराकडे, गल्लीकडे बोट दाखवत नाही. फ्रँकचा भित्रेपणा उघडा पाडतो. स्वतःच गर्भपात करताना एप्रिल मरते. फ्रँक उपनगर सोडून शहरात जातो, आणि तिथेही निष्प्राणच राहतो. उपनगर गुन्हेगार असते, तर बाहेर पडल्यावर त्याच्यात थोडी तरी धुगधुगी दिसायला हवी होती.

ही कादंबरी पुन्हा हाती घ्याल, तेव्हा बेथून स्ट्रीटची पाने सावकाश वाचा.